ओळख पडताळणी

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी, सेवा सोसायटीच्या गोदामात, बँकेच्या नावानं येणाऱ्या खोट्या मेलांबद्दल आकांक्षा बोलत होती. तिच्या मागे युरियाची पोती रचलेली होती, पुढे सतरंज्यांवर माणसं बसली होती, आणि दोरीला टांगलेल्या पांढऱ्या पडद्यावर पंख्याच्या वाऱ्यानं अक्षरं हलत होती. अमरावतीच्या ज्या सहकारी बँकेत ती नोकरीला होती, तिथं असल्या कार्यक्रमांना जायला कुणी राजी नसे. ऊन, धूळ आणि एसटीची वाट पाहणं. आकांक्षा आपणहून जाई. वडील गेल्यापासून तिला असं काम बरं वाटू लागलं होतं, ज्यात ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमानं बोलायची असतात.

"खोटं पत्र तुम्हाला तुमच्या नावानं हाक मारत नाही," ती सांगत होती. "प्रिय ग्राहक म्हणतं. कारण तुम्ही कोण, हे त्याला माहीतच नसतं."

"मॅडम, आमाले तं खरी बँक बी कधी प्रिय म्हनत नाई," मागून खुशालराव नावाचे एक गृहस्थ म्हणाले. "जो म्हनीन तो चोरच!"

गोदाम हसलं. तीही हसली, आणि हसू ओसरू देऊन पुढे बोलू लागली. खोटं पत्र घाई करतं. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, नाहीतर खातं बंद. त्याचा पत्ता बँकेच्या पत्त्यासारखाच दिसतो, पण नीट पाहिलं तर कुठंतरी एखादं अक्षर जास्तीचं असतं. आणि ते तुम्हाला असं काही विचारतं, जे खऱ्या बँकेला कधी विचारावं लागत नाही.

"यातली एक जरी खूण दिसली तरी पुसून टाकायचं. उत्तर द्यायचं नाही. शिवीसुद्धा द्यायची नाही. उत्तर दिलं की त्याला कळतं, इकडे कुणीतरी आहे."

हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. बँकेनं दिलेल्या मजकुरात ते नव्हतं.

शनिवारी ती अकोल्याला जाई. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलं, की बोळाच्या तोंडाशीच वॉर्निशचा वास येई, आणि त्या वासाच्या मागोमाग दुकान. पुढे दुकान, मागे घर. तिचे वडील पुंजाराम आणि त्यांचे भागीदार शफीकचाचा यांनी तिथं जन्मभर विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. जळालेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वॉर्निश पाजून भट्टीत सुकवायचं. पुंजारामांच्या उजव्या अंगठ्यावर त्या तारेनं एक खाच पडली होती. लहानपणी आकांक्षा तार गुंडाळायच्या यंत्राभोवती गोल गोल पळे, आणि ते हातातलं काम न थांबवता म्हणत, "भिंगरे, चक्कर यीन." तेव्हापासून भिंगरी. हे नाव फक्त त्यांच्या तोंडी होतं. ती नोकरीला लागली, तिच्या केसांत पांढरी बट दिसू लागली, तरी रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य तेच असायचं. "भिंगरे, जेवली का?"

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या हिवाळ्यात ते गेले. दुकानात बसल्या बसल्या, हातात पक्कड धरून.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक मोठी लोखंडी मांडणी होती आणि तिच्यावर दुरुस्त होऊन पडलेल्या मोटारी. बोअर आटत चालले तशी लोकं मोटारी काढून आणत, दुरुस्तीला टाकत आणि मग न्यायला येत नसत. वरूडकडच्या संत्रेवाल्यांच्या होत्या, बार्शीटाकळीकडच्या होत्या. प्रत्येकीला तारेनं बांधलेली चिठ्ठी. त्यांतले काहीजण येणारच नव्हते. त्यांच्या बातम्या पेपराच्या आतल्या पानावर येऊन गेल्या होत्या. शफीकचाचा म्हणत, भंगारात देऊन टाकू. पुंजाराम म्हणत, "ज्याची हाय त्याच्या नावानं राहू दे." आणि दर सोमवारी ते त्या सगळ्यांचे दांडे हातानं फिरवत, अडकू नयेत म्हणून. आता ते काम शफीकचाचा करत.

आई, म्हणजे पार्वताबाई, त्यांचा फोनही तसाच ठेवून होती. रोज चार्जिंगला लावायची. त्यांचं लेकीच्याच बँकेतलं खातंही तसंच होतं. खातेदार गेला की काय करायचं असतं, हे आकांक्षाइतकं कुणाला माहीत असणार? पण तिनं कागद पुढे केले तेव्हा आई म्हणाली होती, "आताच नको बंद करू." आणि आकांक्षानं ते कागद पर्समध्ये परत ठेवले होते. तिलाही तेच ऐकायचं होतं.

पहिला मेल उन्हाळा लागता लागता आला. आई मोरीपाशी भांडी घासत होती, ओट्यावर बाबांचा फोन वाजला. आकांक्षानं उघडून पाहिलं.

'प्रिय ग्राहक, आपला खाते निष्क्रिय होणार आहे. तात्काळ ओळख पडताळणी करणे, अन्यथा आज संध्याकाळ नंतर खाते बंद केली जाईल.'

खाली बँकेचं चिन्ह, जरा पसरट झालेलं. पत्त्यात एक अक्षर जास्तीचं. इतका नमुनेदार होता की आपल्या कार्यक्रमात दाखवायला तिनं त्याचा फोटो काढून घेतला.

"कोनाचं हाय वं?" आईनं विचारलं.

"चोराचं."

"तुह्या बाबाले लिहिलं?"

"सगळ्यांनाच लिहितात, आई. दाणे फेकल्यासारखे. कुणी टिपलाच एखादा तर टिपला."

"पन आलं तं त्यायच्याच फोनवर ना." मग आईनं पुढची पितळी घासायला घेतली. "खातं बंद करतो म्हनते?"

"म्हणते. खोटं आहे ते."

 हातातली पितळी केव्हाच लख्ख झाली होती, तरी आई ती घासत राहिली.

पुढे काही आठवडे काही आलं नाही. मग एका शनिवारी आकांक्षानं सहज त्यांचा फोन उघडला, आणि तिथं दुसरा मेल होता. 'आदरणीय पुंजारामजी' अशी सुरुवात. नाव कळलं होतं. त्यात नवल नव्हतं. नावांच्या याद्या विकल्या जातात. नवल भाषेचं वाटलं. वाक्यं सरळ झाली होती. 'आपलं खातं चालू ठेवायचं असल्यास ओळख पटवावी. खातेदाराचा जन्म कोणत्या गावी झाला?'

त्याखाली उत्तर गेलेलं होतं.

आकांक्षानंच आईला शिकवलं होतं, माइकचं चित्र दाबून बोललं की आपोआप मराठीत उमटतं. आईला लिहायचा कंटाळा. अशी बोलून ती लेकीला निरोप पाठवायची. हेही तसंच बोललेलं, एकसलग होतं. 'ह्यायचं गाव आता नाही धरणात गेलं मारुतीच्या देवळामागं घर होतं पाणी आटलं की देवळाचा कळस दिसते लगन झाल्यावर मले दाखवाले नेलं होतं म्हने हे पाह्य माहं घर मी म्हटलं कुठी म्हने पाण्याखाली'.

"आई, काय केलंस हे?" तिचा आवाज चढला. "मी दुनियेला सांगत फिरते, उत्तर देऊ नका, आणि माझ्याच घरात?"

"मी पैशाचं कायी सांगतलं नाई," आई म्हणाली. "आकडे तं मले माईतच नाई. त्यायनं गाव इचारलं, मी गाव सांगतलं. गाव सांगितल्यानं कोनी गाव चोरते का?"

 सोमवारी आकांक्षानं खातं तपासलं. काही गेलेलं नव्हतं, कुणी हात लावल्याची खूणही नव्हती. तिनं दोन्ही मेल ऑफिसमधल्या गजेंद्रला दाखवले. संगणकाचं सगळं तोच बघायचा. तो बराच वेळ पडद्यावरच्या बारीक ओळी वर-खाली करत राहिला.

"पहिला परदेशातून आलाय, नेहमीचा," तो म्हणाला. "दुसरा मात्र बाहेरून आलाच नाई मॅडम. ज्या डब्यात पडला, त्याच डब्यातून निघाला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या बाबांच्या खात्यातूनच बाबांच्या खात्याला. पासवर्ड बदला. अन् घरात कोनी पोट्टं असन तं कान पकडा त्याचे."

"घरात पोरगं नाही. आई एकटी असते."

गजेंद्रनं चष्मा पुसला. "मंग मेलच काढून टाका ना फोनातून."

तिनं पासवर्ड बदलला आणि फोनमधून बाबांचा मेल काढून टाकला. पुढच्या शनिवारी तो तिथं होता, जसाच्या तसा, आणि त्यात एक नवा प्रश्न आणि आईचं नवं उत्तर. आईला साधा अलार्म लावता येत नसे.

मग आकांक्षानं फोनच उचलून अमरावतीला नेला. तीनेक दिवसांत शफीकचाचांचा फोन आला.

"बेटी, भाभी जेवून नाई राहिली. तुह्या हलीमाचाचीनं डबा धाडला, तसाच परत आला. दुकानात येऊन बसते, म्हनते, यायचा फोन कुठी हाय, हे बोलावून राह्यले असतीन. मले तं समजत नाई काय बोलावं. देऊन टाक ना बाप्पा, फोनच तं हाय."

आकांक्षा फोन परत घेऊन गेली. आईनं तो पदरानं पुसला, चार्जिंगला लावला, आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

त्या उन्हाळ्यात पाणी फार आटलं. रविवारच्या पेपरात धरणाचा फोटो आला होता: भेगाळलेला गाळ, आणि मध्ये देवळाचा पूर्ण कळस, खाली गाभाऱ्याच्या चौकटीपर्यंत उघडा. आकांक्षानं पेपर आईपुढे धरला.

"पाहिलंस? बाबांचं गाव."

आईनं फोटो पाहिला. सभ्यपणे, परक्याच्या लग्नाचे फोटो पाहावेत तसा. "असं का?" ती म्हणाली. "कोनतं गाव हाय हे?"

"आई. मारुतीचं देऊळ. तू गेली होतीस तिथं."

"मी?" आई हसली. "मले कोन नेते, बाई?"

वय झालं, असं आकांक्षा मनाशी म्हणाली. दुःखानं माणूस विसरभोळं होतं, हेही तिनं कुठंतरी वाचलेलं होतं. तिनं बरंच काही वाचलेलं होतं. आईची गोष्ट आली की त्यातलं जे सोयीचं असेल ते तिला पटकन आठवे.

मेल येत राहिले. ती शनिवारी जाऊन वाचायची. न वाचता राहवायचं नाही. खातेदाराच्या अंगठ्यावर कशाची खूण होती? खातेदार रागावला की काय करी? लग्नात पंगतीला काय होतं? आणि खाली आईची उत्तरं, लांबलचक, दुपारच्या निवांत वेळी कुणापाशी तरी बसून सांगितल्यासारखी. 'रागावले का जेवत नसत पण ताटावरून उठत बी नसत बसून राहत मंग मीच हसो'. आकांक्षाला हे काहीच माहीत नव्हतं. ते वाचताना तिला बाबा थोडे जास्त मिळत होते, हे ती कबूल करत नव्हती. आईनं पुढच्या वेळी तिला विचारलं, "तुह्या बाबाच्या अंगठ्याले काय झालं होतं वं?" तेव्हा मात्र ती स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडून उभी राहिली.

आणि मेलांची भाषा बदलत होती. आधी 'आपण' होतं, मग 'तुम्ही' झालं. मग 'विचारतो'चं 'इचारतो' झालं. एका मेलात लिहिलं होतं, 'घाई नाई. सवडीनं सांगजो.' आकांक्षानं हे वाचलं आणि फोन पालथा ठेवला. 'सवडीनं सांगजो' हे बाबांचं होतं. बिलाचं विचारलं की गिऱ्हाइकाला ते तसंच म्हणत.

खोटं पत्र घाई करतं. हे करत नव्हतं.

वर्ष झालं तेव्हा घरी श्राद्ध होतं. गुरुजींनी दर्भ वाटले, पाणी सोडायला सांगितलं आणि संकल्पात थांबून आईकडे पाहिलं. "नाव?"

आईनं पदर तोंडाला लावला आणि लेकीकडे पाहिलं.

यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. लग्नातला उखाणा सोडला तर आईनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. हे म्हणाले, हे आले, दुकानवाले जेवायचे राहिले. रेशनच्या रांगेतसुद्धा कार्ड पुढे करून बोटानं दाखवायची. "पुंजाराम," आकांक्षा म्हणाली, आणि गुरुजी पुढे गेले. मागे बसलेल्या शफीकचाचांनी मान खाली घातली होती.

जेवणं झाली, माणसं पांगली. हिवाळ्याचं ऊन अंगणातून चढून भिंतीवर गेलं होतं. आकांक्षानं बाबांचा फोन उघडला. मंगळवारचा प्रश्न तिथं होता: 'खातेदाराचं नाव?'

खाली आईचं उत्तर. सगळ्यांत लहान.

'पुंजाराम'.

ती त्या शब्दाकडे पाहत राहिली. आईच्या तोंडचा हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. आईनं माइक दाबून, रिकाम्या घरात, तो मोठ्यानं उच्चारला होता. त्यानंतर तो आईच्या मनातून गेला असला, तरी कुणाला कळलं नसतं; तिच्या तोंडून तो ऐकायची कुणाला सवयच नव्हती.

आई अंगणात तांदळाच्या परातीत बोटं फिरवत बसली होती. आकांक्षा तिच्यापाशी जाऊन बसली.

"आई, बाबांचं नाव काय?"

"काय वं, वेडी झाली का? नाव घेत असतेत का?"

"उखाण्यात घे. लग्नात घेतला होतास तो."

आई लाजली. खरंच लाजली, गाल वर आले. "अवं, आता म्हातारपनी?"

"घे ना. मला ऐकायचाय."

आईनं परात बाजूला ठेवली, पदर सारखा केला. "तांब्याच्या तारेले कापसाचा वेढा," ती म्हणाली, आणि थांबली.

पलीकडे दुकानात शफीकचाचा मोटारींचे दांडे फिरवत होते. एकेक दांडा फिरण्याचा खर्र आवाज येत होता.

"तांब्याच्या तारेले कापसाचा वेढा," आईनं पुन्हा सुरुवात केली. तोंड उघडं राहिलं. तिची नजर दारावर गेली, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवर, मग लेकीवर. शब्द शोधणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जी धडपड असते, ती तिथं नव्हती. शब्दाची जागाच नव्हती.

"वाट माही सोडा," ती शेवटी म्हणाली. मधला भाग गाळून.

मग तिनं फोटोकडे बोट केलं आणि हळूच विचारलं, "हे कोन हायेत?"

आकांक्षा उठली.

फोन ओट्यावर होता. तिनं तो हातात घेतला आणि त्याच वेळी तो वाजला.

पत्ता तपासायची सवय होती. पत्ता बाबांचा. एकही अक्षर जास्तीचं नाही.

'आता एकच राह्यलं. वारसदाराची ओळख पटली का हिशेब पुरा होते, तुह्या मायचं जे जमा हाय ते तिले परत भेटते. घाई नाई. खातेदार वारसदाराले काय म्हनून हाक मारे?'

तिला प्रत्येक खूण दिसत होती. आमिष दिसत होतं. जे विचारायची कुणाला गरज नसते तेच हे विचारत होतं. लिहिणारे खरंच बाबा असतील तर त्यांना हे विचारावं लागणार नाही. आणि विचारावं लागत असेल तर ते बाबा नाहीत. इतकं साधं होतं. दर्यापूरच्या गोदामात तिनं हे खुशालरावांना एका वाक्यात समजावून दिलं असतं.

अंगणात आई फोटोकडे पाहत होती. भेटायला आलेल्या माणसाला बसा म्हणावं की नाही, अशा संकोचानं.

आकांक्षानं डोळे मिटले. तार गुंडाळायचं यंत्र. वॉर्निश. पायांखाली तारेचे तुकडे, आणि ती गोल गोल पळतेय, छत फिरतंय, आणि वरून तो आवाज, काम न थांबवता.

तिनं माइक दाबला नाही. बोलली असती तर आवाज फुटला असता. तिनं एकेक अक्षर टिपून लिहिलं.

भिंगरी.

आणि पाठवून दिलं.

काही झालं नाही. फोनवर ऊन पडलं होतं, त्यात तिला आपलंच बोट दिसलं. दुकानातला खर्र आवाज थांबला. शफीकचाचा हात धुवायला गेले असावेत. ती ओट्याला टेकून उभी राहिली. आपण कशासाठी उभ्या आहोत हे तिला नीटसं कळेना, पण रडू मात्र येत होतं.

मग अंगणातून आईचा आवाज आला. स्वच्छ, जवळजवळ रागावलेला.

"तांब्याच्या तारेले कापसाचा वेढा, पुंजारामचं नाव घेते, वाट माही सोडा! हे काय, ऐकाले पायजे म्हने अन् आत जाऊन बसली. इकडे ये!"

आकांक्षा धावत अंगणात गेली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. वर्षभरात पहिल्यांदा. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि सांगत राहिली: धरणाचं, कळसाचं, पंगतीतल्या पुरणपोळ्यांचं, रागावून ताटावर बसून राहणाऱ्या माणसाचं. सगळं जागच्या जागी होतं. "तुह्या बाबाले लय माया होती तुही," आई म्हणाली. "तुले ते काय म्हनत..." ती अडली, मग हसली. "तुमचं तुमाले माईत. मी कधी त्यात पडली नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आकांक्षा निघाली. पर्समध्ये ते जुने कागद होते. आईनं आपणहून सही केली होती. "करून टाक बंद," ती म्हणाली होती. "माह्यापाशी हायेत ते." बाबांचा फोनही आईनंच बंद करून पेटीत ठेवला होता.

बोळातून ती पुलाच्या दिशेनं चालली होती. मागे दुकानातून शफीकचाचा कुणाला तरी हाका मारत होते. एकदा, दोनदा, तीनदा. बोळातलं कुणाचं तरी लेकरू असेल, असं वाटून ती चालत राहिली. मग धापा टाकत ते स्वतःच पुढे येऊन उभे राहिले, हातात डबा.

"अरे बेटी, बहिरी झाली का? हलीमानं तुह्यासाठी डबा देल्ला. भिंगरी, भिंगरी करून गळा सुकला माहा! म्हटलं, पुंजाराम गेला, आता मीच हाक मारतो त्या नावानं, तं पाहून बी नाई राहिली."

"माझं लक्ष नव्हतं, चाचा," ती म्हणाली आणि डबा घेतला. ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. काहीतरी व्हायला हवं होतं आणि झालं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तिला वाईट वाटलं. म्हातारे झाले चाचा, तिच्या मनात आलं. माणसांची नावं एकमेकांत मिसळू लागली.

गाडीला गर्दी नव्हती. मूर्तिजापूर गेलं. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी वावरं मागे पळत होती. तिला कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

बडनेरा यायच्या आधी तिच्या फोनवर मेल आला.

सवयीनं तिनं आधी पत्ता पाहिला. बाबांचा, अक्षर न् अक्षर बरोबर. तिनं श्वास रोखून मेल उघडला. दाबायला काही दिलेलं नव्हतं. काही मागितलं नव्हतं. खातं, ओळख, पडताळणी, काही नाही. एकच ओळ.

'भिंगरे, जेवली का?'

'जेवली का' पाशी तिनं डब्याला हात लावला. बाबा हेच विचारत, रोज, संध्याकाळी. मांडीवरचा डबा अजून कोमट होता. ती ओळ तिनं पुन्हा वाचली, सुरुवातीपासून, सावकाश, गोदामातल्या माणसांना वाचायला शिकवायची तशी.

नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.

तिनं मेल पुसून टाकला. उत्तर दिलं नाही.